एक्केचाळीस नंबरचा उपास

फाल्मरच्या टेकडीखाली, तळघरात,
गोगलगायींच्या टाक्यांवर दिवा जळतो
बारा तास उजेड, बारा तास अंधार,
बाहेर ससेक्समध्ये नोव्हेंबर असो की आणखी काही.

आज मंगळवार, अंगारकी.
त्यांच्या उपासाचा चौथा दिवस,
माझ्या उपासाचा अकरावा तास.
त्यांचा मी लिहिला, तक्त्यावर, पेन्सिलीने.
माझा कुणी लिहिला, आठवत नाही.

प्रयोग साधा आहे.
प्लास्टिकची पट्टी, कापलेल्या नखाएवढी,
ओठाला लावायची आणि मोजायचं.
सकाळीच लेट्यूस खाल्लेली गोगलगाय
तोंड उघडते, चाचपते, बाहेर ढकलते,
विक्रेत्याला दारातूनच वाटेला लावावं तशी.
चार दिवसांची उपाशी मात्र
तीच पट्टी गिळू पाहते,
जिभेवरची इवली कानस
पुढे, मागे, पुढे, मागे,
जणू अन्न नसलेलं जगात काही उरलंच नाही.
भुकेला कोंडा म्हणतात,
पण कोंडा निदान दळणातून तरी आलेला असतो.

मला वाटायचं, भूक म्हणजे आत कुणीतरी ओरडतं.
कावळे वगैरे.
काचेची सुई पेशीत उतरवली तेव्हा उलटंच निघालं.
पोट भरलेलं असताना ही एक पेशी बोलत असते,
टक टक, नको नको,
आणि उपाशीपोटी गप्प होते.
एवढंच.
भूक म्हणजे घरातलं नको म्हणणारं माणूस
जरा बाहेर गेलेलं.

सहा वाजता हेझल प्रॅगनेल टाक्या पुसायला येते.
तिच्या डब्यात अंड्याचं सँडविच,
त्यातलं अर्धं माझ्यासमोर.
नको, चंद्र उगवेपर्यंत उपास आहे.
"कधी उगवतो?"
मी फोन बघून सांगते, सात एकोणीस.
"आणि ढग असले तर?"
मग अंदाजाने.
ती हसत नाही. हात पुसत विचारते,
"तुझा तक्ता कोण भरतं?"

उत्तर सुचत नाही तेव्हा मी टाकीत बघते.
वास मात्र येतोच. अंडं, मेयॉनीज, वरून मिरपूड.
मला कधी आवडलं नाही ते,
निदान सकाळपर्यंत तरी.
आतली टक टक मी कान देऊन ऐकते.
चालू आहे,
की चालू आहे असं मीच म्हणते आहे?

मग एक्केचाळीस नंबर.
चार दिवस उपाशी, सगळं नियमात.
पट्टी लावली. नाही.
पुन्हा लावली. साखरेचं पाणी सोडलं.
ओठ किंचित हलला आणि राहिला.
मी लिहिलं, प्रतिसाद नाही.
मनात म्हटलं, आजारी असेल.

हेझलने तिची डबी दिव्यासमोर धरली.
"हिने इथे काय मांडलंय ते बघ."
काचेला चिकटलेली जेलीची एक लांबट पट्टी,
आत शिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे,
साठ, सत्तर,
आणि त्यांच्यावरून एक्केचाळीस नंबर
तोंड मिटून, सावकाश,
पुन्हा पुन्हा त्याच वाटेने.

माझ्या तक्त्यात या कारणाला रकाना नव्हता.
'वगळली' असं लिहिलं,
आणि पेन्सिल तशीच धरून बसले.

सात वाजून गेल्यावर आम्ही दोघी थांब्यावर,
पंचवीस नंबरची बस अजून लुईसच्या बाजूला कुठेतरी.
आभाळ गच्च.
डाउन्सच्या कडेला, ढगांमागे,
एक पिवळट डाग.
तो चंद्र असेल,
किंवा स्टेडियमवर सराव चालू असेल.

"तोच का?" हेझलने विचारलं.
भरल्या पोटी मी जरा थांबले असते,
दिशा पाहिली असती, फोन काढला असता.
हो, मी म्हणाले, तोच,
हात जोडले,
आणि बटाट्याच्या भाजीचा डबा
तिथेच, उभ्याउभ्या, उघडला.