मंग?

सावद्याला सरोद्यांकडे लग्न.
मागच्या अंगणात तीन चुलांगणं,
तिन्हींवर खापरं पालथी.
मांडे करायला कोकिळाबाई
आणि तिच्या खापराखाली लाकूड सारायला मी.

पहिल्या पाच-सहा मांड्यांना ती बोललीच नाही.
पुरण भरलेला उंडा या तळव्यावरून त्या तळव्यावर,
मग मनगटावर, मग पार कोपरापर्यंत,
पातळ होत होत इतका
की आता खालचं गोंदण दिसेल असं वाटावं.
आणि तेव्हाच, मांड्यावरची नजर न काढता,
ती म्हणाली,
"मला एक होडी घ्यायचीय."

होडी.
एकोणपन्नास वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा,
आणि होडी!
माझ्या जिभेवर शब्द आयते होते,
बरणीतल्या फोडींसारखे मुरलेले:
कशाला, केवढ्याला,
वल्हवणार कोण, जावई काय म्हणतील.

लोकेश नववीत होता तेव्हा म्हणाला होता,
आई, मी क्लॅरिनेट शिकतो,
चोपड्याच्या बँडचे मास्तर शिकवायला तयार आहेत.
मी काही वाईट बोलले नाही,
देवाशपथ, एक शब्द नाही.
नुसती हसले.
"वरातीपुढे फुंकशील का रे?"
एवढंच.
तोही हसला माझ्यासोबत.
आता चाकणला असतो, पगार बरा आहे,
दर रविवारी फोन करतो:
जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, लाईट आहे का.
बारा वर्षांत त्यानं मला
एकही वेडी गोष्ट सांगितलेली नाही.

मी लाकूड आत सारलं.
म्हटलं, "मंग?"

आमच्याकडचा शब्द आहे,
पुढच्या बाजूला उतार असलेला.
त्यावर पाय पडला की माणूस
आपसूक चार पावलं चालतं.

कोकिळाबाई चालली.
हतनूरच्या फुगवट्यापर्यंत चालत गेली, माहेरी,
जिथे थंडीत कुठकुठली पाखरं उतरतात.
पुस्तकातली नावं तिला येत नाहीत,
तिनं आपली ठेवलीत:
कपाळावर लाल ठिपका असलेली ती नवरी,
पाण्यावरून धावत सुटतो तो उशीर झालेला मास्तर.
होडीत शाळेची पोरं घ्यायची, सहा-सातच.
वल्हं मारायचं थांबवायचं
आणि कोणी काही बोलायचं नाही.
पोरं गप बसतील होय, असं आलं होतं माझ्या ओठांवर.
मी धुराकडे तोंड करून खोकले.

तेवढ्यात बँकेतले भाचेजावई चहाचा कप घेऊन आले,
उभ्या उभ्या ऐकलं, म्हणाले,
"मावशी, त्याला लायसन लागतं बरं का."
खरंच लागत असेल.
चांगला माणूस आहे तो, मदतीलाच बोलला.
पण मांडा कोपरावर फाटला.
तिनं तो गोळा करून परातीच्या कडेला ठेवला
आणि नवा उंडा घेतला.

मग बराच वेळ खापराचा चर्र आवाज तेवढा.
जाळ जास्त झाला तर करपतं,
कमी झाला तर मांडा सुटत नाही खापरावरून.
मी लाकडं मागे-पुढे करत राहिले.
तिला पुन्हा बोलवायचं कसं, कळेना.
शेवटी विचारलं,
"रंग कोणता द्यायचा?"

तिचे हात थांबले.
एवढा मोठा मांडा दोन हातांवर तोलून
ती विचार करत राहिली.
"केळफुलाचा," म्हणाली.
"बाहेरून. आतून पिवळा."
आणि मांडा खापरावर टाकला,
एक सुरकुती नाही.

रविवारी लोकेशचा फोन.
जेवले, म्हटलं. गोळी घेतली. लाईट आहे.
त्याचे प्रश्न संपले.
मी म्हटलं, "मंग?"
"मंग काय?" तो म्हणाला.
मला पुढचं सुचलं नाही.
पण मी फोन ठेवला नाही,
आणि त्यानंही.
त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता,
एका पात्याला कट्‌ असा आवाज,
फेरीत एकदा.