झाकण

नागज फाट्याच्या पंपावर दोन हजारांचं पेट्रोल टाकलं,
पावती सीटवर फेकली,
आणि ढालगावच्या वळणाला पोचते न पोचते तोच
काट्यांच्या मधोमध तो पेटला.
पिवळा. इंजिनाचं चित्र म्हणे,
लहान पोरानं काढलेल्या म्हशीसारखं,
शिंगं कुठं नि शेपूट कुठं, कळेना.

मी गुरांची डॉक्टर.
सोळा वर्षांत माझ्या एकाही पेशंटनं
कुठं दुखतंय ते सांगितलेलं नाही.
कान गार आहेत का बघायचं, डोळ्यांच्या कडा,
रवंथ कधीपासून थांबलाय,
आणि मालकाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं.
तशीच गाडी बाजूला घेतली.
बॉनेट उघडलं, आवाज ऐकला,
ऑइलची पट्टी पुसून बघितली.
ताप नाही, धाप नाही,
खाणंपिणं तर आत्ताच झालेलं.

पिवळा, तांबडा नव्हे.
म्हणजे थांब असं नाही, पण विसरूही नको.
समोरच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या होत्या,
सगळ्यांत एकच फिरत होती.
मागं नायट्रोजनच्या कॅनमध्ये खिलारच्या कांड्या,
घोरपडीत एक गाय माजावर,
आणि गाईची वेळ कुणासाठी थांबत नाही.
भेसळ असणार, म्हटलं. इंजेक्टर गेले. पंचवीस हजार.
पंपावरच्या पोराला मनात जे बोलले
ते इथं लिहीत नाही.

गाय उरकून कवठ्याला आले.
दस्तगीरभाईंनी बॉनेटकडं बघितलंच नाही.
चहाचा कप हातात तसाच,
मागून वळसा घालून टाकीची झडप उघडली.
झाकण दोरीला लोंबत होतं.
"वाफ उडून चाललीया, म्हणून बोंबलती बिचारी.
लावा तुमीच. कट् कट् वाजंपर्यंत फिरवा."
फिरवलं. तीनदा वाजलं.
चावी दिली. दिवा तसाच.

"आता?"
"आता काय न्हाई. चालवत ऱ्हावा.
तिला लगेच पटत न्हाई.
दोन-तीन दिस गार हुईल, तापंल, परत गार हुईल,
झाकण खरंच लागलंय का, आपलं आपण तपासंल.
मशीन लावून आत्ता घालवतो म्हणाल तर घालवीन,
पण त्यात काय राम न्हाई."
पैसे घेतले नाहीत.

पोराची चूक होती. निम्मी.
"मॅडम, झिरो बघा" म्हणत होता तो,
आणि मी पंपावर, जिथं फोन लावू नये असं लिहिलंय तिथंच,
अण्णांच्या मोतीबिंदूला मिरजेला कोण नेणार यावरून
रणधीरला सांगत होते,
तुला बाप कशाला पाहिजे, तुला सातबारा पुरे.
इतक्या मोठ्यानं, की पोर नळी काढून
मागच्या रिक्षाकडं पळालं.

रात्री फोन केला.
चुकलं म्हटलं, गुरुवारी मी नेते.
तो म्हणाला, "बरं."
मग, "ठेवू?"

मंगळवारी पिवळा.
बुधवारी देशिंगला लाळ-खुरकूतची लस, पिवळा.
गुरुवारी पहाटे अण्णा पुढच्या सीटवर,
म्हणाले, ते पिवळं मला एकट्यालाच दिसतंय का गं?
नाही, म्हटलं. आहे ते.

मिरजेत दवाखान्याच्या फाटकाशी
रणधीर उभा होता, हातात डबा.
माझ्याकडं न बघता त्यानं अण्णांना उतरवून घेतलं,
कठड्यावर बसवलं,
आणि परत येऊन खिडकीतून वाकला.
"हे काय पेटलंय?"
"झाकण नीट लागलं नव्हतं."
"आणि आता?"
"लागलंय. तिला पटायचंय अजून."

काही बोलला नाही. मागं गेला.
आरशात त्याचा अर्धा खांदा दिसत होता.
झडप उघडल्याचा आवाज आला,
आणि मग, एकदाच,
कट्.