वेशीवरचं बीट

जिबूतीच्या बंदरावरून माल घेऊन
मी पंधरा दिवसांनी घरी येतो, देस्सेच्या धुक्यात.
किटलीच्या कोमट पाण्याखाली हात,
मग वेताच्या मेसोबभोवती आम्ही पाच जण
आणि मध्ये एकच ताट.

घोंगडीएवढा इंजेरा, जाळीदार, आंबूस.
त्यावर मसूर, कोबी, लसणीवर परतलेला पाला.
नाओदच्या पुढ्यात मात्र फक्त शिरो,
चण्याच्या पिठाचं घोटलेलं, पिठल्याच्या कुळातलं.
सात वर्षांचं पोरगं.
शिरो, केळं, इंजेराची कड.
बाकी साऱ्या जगाशी अबोला.

पहिल्या रात्री मी आवाज चढवला.
म्हणालो, तुझ्या वयात मी दगड पचवत होतो.
तो पाल्याकडे बघत राहिला,
जसा मी बघतो फुटलेल्या टायरकडे
आफारच्या वाळवंटात, पुढची गाडी
उद्याच येणार हे माहीत असताना.
घास तोंडात गेला खरा.
तासाभराने तो झोपला तेव्हाही
घास गालातच होता.
यशिमेबेतने बोट घालून हळूच काढला.
तेव्हा काही बोलली नाही.
सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली,
"ताटात ठेव. बघू नकोस. विसरून जा."

इंजिन उघडून पडलं होतं, म्हणून मुक्काम लांबला.
बुधवारी उपासाचं जेवण. बीट आलं,
उकडलेलं, लिंबू पिळलेलं,
शिरोच्या अगदी वेशीवर.
आम्ही डिझेलच्या भावावर बोललो.
नाओदने इंजेराची सुरळी केली
आणि मध्ये बांध घातला.
शुक्रवारी बांध दुपदरी झाला.
पण इंजेराला भोकंच भोकं,
आणि ओल कुणाच्या बापाची ऐकते?
लाली आतून सरकत गेली, बांधाखालून,
शिरोच्या काठाला गुलाबी झालर लागली.

आम्ही सगळे डिझेलवर.
न बघणं हेही अंगमेहनतीचं काम आहे,
मानेचे स्नायू दुखतात.
डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं:
त्याने झालर तोडली, हुंगली, खाल्ली.
तोंड वाकडं केलं.
पुन्हा तोडली. या वेळी तोंड
फारसं वाकडं नव्हतं.

तेवढ्यात चार वर्षांची ब्लेन किंचाळली,
"नाओदने लाल खाल्लं!"
झालं.
शनिवारी बांध तिपदरी.

रविवारी उपास नव्हता. कोंबडीचा झणझणीत रस्सा,
आणि आग विझवायला आयिब,
पांढरं, भुसभुशीत, नुकतंच फाटलेल्या दुधाचं.
आमच्याकडे माया हाताने दुसऱ्याच्या तोंडात घालतात.
गुर्शा म्हणतात त्याला.
घास जितका मोठा तितका जीव मोठा,
आणि नको म्हणायची सोय नाही.

नाओद गुडघ्यांवर उठला.
इंजेराचा तुकडा तोडला, काहीतरी भरलं,
दोन्ही हातांनी लाडवासारखं वळलं
आणि माझ्या ओठांपाशी आणलं.
आत आयिब. नुसतं आयिब.

अडतीस वर्षं मी ते कडेला सारत आलोय,
बोलता बोलता, बोटाच्या एका फटकाऱ्याने.
आईला कळलं नाही. बायकोला कळलं नाही.
रस्त्यावरच्या शंभर खानावळींत
कुणी विचारलं नाही.

आम्ही त्याच्याकडे बघत नव्हतो.
तो बघत होता.

तोंड उघडलं. घास आला, गार, भलामोठा,
जिभेवर ओल्या चुन्यासारखा पसरला.
वाटलं, गालात ठेवावा.
झोपेपर्यंत ठेवावा.

नाओदने बोटं चाटली, मान फिरवली,
माझ्याकडे चुकूनही न बघता
देजेने मामाला विचारलं,
अगदी गंभीरपणे,
की डिझेल आता किती झालं.