पहिलं अक्षर तसंच राहू द्या

नावं शिवायचं काम माझ्याकडे एकवीस वर्षं आहे.
टोलेडो हेरॉन्स. निळी जर्सी,
छातीवर गावाचं नाव, पाठीवर माणसाचं.
पाठीला कच्चे टाके, छातीला पक्के,
हे मला कुणी शिकवलं नाही,
पहिल्याच फेब्रुवारीत कळलं.

फेब्रुवारीतल्या त्या एका गुरुवारी
दुपारी तीनपर्यंत खेळाडूंची अदलाबदल चालते.
मी रेडिओ लावून, कात्री हाताशी घेऊन बसते.
यंदा तीनला सात मिनिटं कमी असताना
क्रस्तुलोविच गेला. दहा अक्षरं.
सकाळीच बायकोचा कोट देऊन गेला होता,
वरचं बटण तुटलंय म्हणाला, उद्या नेतो.
त्याच्या बदल्यात आला ली. तीन अक्षरं,
थोडी रोकड, आणि सहा वर्षांनंतरच्या
दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी,
म्हणजे आज कुठेतरी सातवीच्या वर्गात
गणितात गटांगळ्या खाणारी दोन पोरं,
ज्यांना पत्ताच नाही
की आपला सौदा उरकला.
बाजारात तुरी.

उसवायचा दर शिवायच्या दराच्या निम्मा असतो.

म्हातारे हॅल्व्हरसन होते तोवर ठीक होतं.
काचकारखानेवाले. तिसऱ्या रांगेत बसून शेंगा खायचे
आणि टरफलं कोटाच्या खिशात भरायचे.
मैदानाच्या लाकडावर एक पडू द्यायचे नाहीत.
मुलाने संघ विकला. कुणाला, तर
पार्किंगच्या जागा भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थाला.
त्याने आल्या दिवशीच सांगितलं, मी कुठेही जाणार नाही.
त्याच संध्याकाळी शेजारच्या मार्गिटने
मोसमाचं तिकीट विकून टाकलं.
"ज्याला जायचं नसतं," म्हणाली,
"तो हा विषय काढत नाही."

मग नवं स्टेडियम हवं झालं. पैसे गावाने घालायचे.
नगरपरिषदेत पाच हो, सात नाही.
त्या सातांतल्या एकाला माझं मत होतं.
आमची सव्वीस नंबरची बस वाचली.
रात्री साडेनवाला रिकामी जाते,
पूर्वी ह्याच वेळी तिच्यात उभं राहायला जागा नसायची.
मी बरोबर केलं का, मला ठाऊक नाही.

जूनमध्ये ड्युएन चाळीस जॅकेटं घेऊन आला.
गाव काढायचं होतं. टूसॉन घालायचं होतं.
वाळवंट ते. तिथे बगळे खाणार काय, मी विचारलं.
नाव विकत घेतलंय ना, तो म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता,
"इंग्रजीत दोन्ही गावांना सहा-सहाच अक्षरं, इलोना.
आणि पहिलं दोन्हींचं एकच, टी.
तो तसाच राहू द्यायचा.
वरून हिशेब आलाय. चाळीस टी वाचतात."

टाके पक्के होते, माझेच.
नखं दुखली.
कापड उन्हाने विटलेलं,
पण अक्षरांच्या खालचं निळं
पहिल्या दिवसाइतकं गडद.
सगळं उसवून झालं तरी गाव वाचता येत होतं.
टी उरला. त्याच्याकडे बघत चहा प्यायले.
मग तोही काढला. चाळीसच्या चाळीस.
आणि त्यांच्या नव्या गठ्ठ्यातला टी
त्याच जुन्या भोकांतून शिवला.
त्याचे पैसे लावले नाहीत.
आमचा टी त्यांना का द्यावा,
एवढंच. ड्युएनला हे सांगितलं असतं
तर तो हसला असता, बिचारा,
त्यालाही तिकडे नेत नव्हते.

ट्रक गेले मंगळवारी. मी बघायला गेले नाही,
दात काढायचा होता.

टी बिस्किटांच्या डब्यात आहेत.
कोट अजून खुंटीला. बटण लावलेलं.
क्रस्तुलोविच त्यानंतर आणखी दोनदा बदलला गेला.
पोस्टातला मुलगा म्हणतो, बाई,
घर नंबर नसला तरी चालेल,
निदान गाव तरी सांगा.