मोदकाला बहीण

कोबी मी पिळतो, बाबांच्या जुन्या पंच्यात.
चार किलो कोबीचं अर्धी बादली पाणी.
दुपारी तीनला ते मोरीत ओततो
तेव्हा वरच्या कासलेबाई खिडकी लावून घेतात,
आणि सातला त्यांचाच नातू प्लेट घेऊन उभा असतो.

कंपनीचं गेट बंद झालं तेव्हा जे हातात आलं
त्यातून कुर्ल्याहून आणला तीन मजली स्टीमर,
एक शेगडी, आणि घडीचं टेबल
ज्याचा मागचा पाय अजून पुठ्ठ्यावर उभा आहे.
कन्नमवार नगर, बावन्न नंबरच्या गेटाला लागून.
पाटीवर प्रणोतीनं लिहिलं:
व्हेज मोमो, सहा नग, पन्नास रुपये.

आई तो शब्द उच्चारत नाही.
'तिखटाचे मोदक' म्हणते, तेही नाइलाजानं.
मैद्याला तिचा विरोध आहे, लसणाला तर फारच.
पण पारी हातावर आली
की बोटं तिचं ऐकत नाहीत,
अंगठा आत, दोन बोटं बाहेर,
चिमटा, सरक, चिमटा,
एकोणीस कळ्या. मोजल्यात मी.
माझ्या सात येतात,
त्याही भांडल्यासारख्या तोंडं फिरवून.

आणि दर घाण्याला, अगदी शेवटी,
ती एक पारी नुसती दुमडते,
कडेला मुरड घालते. करंजी.
'मोदकाला बहीण लागते.'
एवढंच. पुढे स्टीमरचं झाकण.

एका रात्री मी वही उघडून बसलो तिच्यासमोर.
रोजचे अकरा घाणे, अकरा करंज्या,
नगाला आठ रुपये तेहतीस पैसे.
गिऱ्हाईक म्हणतं, हा दबलाय, बदलून द्या.
महिन्याला जवळजवळ चोवीसशे रुपयांच्या
बहिणी होतात, आई.
तिनं सगळं ऐकून घेतलं,
पिठाचे हात पदराला पुसले,
आणि दुसऱ्या दिवशी बारावा घाणा लागला
तर त्यालाही केली.

मग क्लासच्या पोरांना ती ठाऊक झाली.
ज्याच्या प्लेटीत करंजी, त्यानं चहा पाजायचा
असा काहीतरी त्यांचा कायदा.
गौरांग म्हणून एक आहे, सीएच्या तिसऱ्या प्रयत्नातला,
त्याला वाटतं ती मिळाली की पेपर सोपा जातो.
अजून गेलेला नाही.

भाद्रपद संपता संपता आईचा अंगठा रुसला.
एका सकाळी पारीत उतरेचना.
नस दबलीय, डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधला,
भात कालवणंसुद्धा बंद.
ती स्टुलावर बसून राहिली, टेबलाच्या डाव्या अंगाला,
आणि आमच्या कळ्यांकडे
दुसऱ्याच्या घरातल्या पसाऱ्याकडे बघावं तशी बघत होती.
प्रणोती नऊपर्यंत पोचली. मी सातातच.
विकले मात्र सगळे गेले.
कुणीही काही बोललं नाही,
लोकांना चटणी तिखट लागते, बस.

पावणेनऊला शेवटचा घाणा लावायचा होता.
गौरांग रिकामी प्लेट धरून उभा.
'काका, आज बहीण नाही?'

मी पारीवर पारी ठेवत होतो. विसरलोच होतो.
सकाळपासून एकही केली नव्हती.
आईकडे बघायचं टाळलं
आणि मग बघितलं.
ती रस्त्याकडे तोंड करून बसलेली,
पालिकेची गाडी येतेय का ते बघत असल्यासारखी,
आणि मांडीवर, पट्टा नसलेल्या हातात,
एक पारी.
कधी उचलली कोण जाणे.

डाव्या हाताची करंजी ती.
कडा धड मिटल्या नाहीत, मुरड नाहीच,
वाफेत फुटली, कोबी बाहेर आला, गाजर बाहेर आलं.
मी ती बाजूला सारायला लागलो.

'दे त्याला,' ती म्हणाली.
गौरांगनं उभ्या उभ्या खाल्ली, तोंड भाजत,
पाकीट काढायला लागला तर मी नको म्हटलं.

'का नको?' आई म्हणाली,
अजून रस्त्याकडेच बघत.
'आठ रुपये तेहतीस पैसे.
वहीत लिही.'