साल

धरमपेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात
फॉर्मवर जन्माचं साल लिहिलं : एकोणीसशे शहात्तर.
डॉक्टर चिमोटे बाईंनी मांडीवर दोन बोटं टेकवली,
चिमटीत धरून किंचित दाबलं
आणि म्हणाल्या, सेल्युलाइट.
याला संत्र्याची साल म्हणतात,
पुस्तकातच तसं लिहिलंय.

मला हसू आलं. त्यांना का ते कळलं नाही.

कळमेश्वर रोडच्या पॅकहाउसमध्ये बावीस वर्षं
मी संत्रीच चमकवते आहे.
पट्ट्यावरून फळं येतात न्हाऊन,
ब्रशखाली गोल गोल फिरतात,
वरून मेणाचा फवारा, मग गरम वारा.
ढाक्याला पोचेपर्यंत तुकतुकीत राहिली पाहिजेत.
आत रस आहे की नुसता चोथा,
मेणाला काय ठाऊक.

बाई पर्याय सांगत होत्या, सावकाश, खरं खरं.
लेझर : सहा बैठका.
रोलर : कातडी ओढून धरतो,
दोन-तीन महिने बरं दिसतं.
सुई : आत जाऊन दोरे कापते.
कातडीला खाली बांधून ठेवणारे दोरे असतात म्हणे,
गादीला टाके घालावेत तसे,
आणि दोन टाक्यांच्या मधून कापूस फुगतो.
हे मला आवडलं. गादी आपली वाटली.
कॉफीचं मलम : लावलं की दिवसभर जरा सपाट.
चाला, जिने चढा, वजन उतरवा,
पण काडीसारख्या पोरींनाही असतंच.
"जात नाही हो. कमी दिसतं."

कमी दिसतं.
आमच्या ग्रेडिंगच्या वहीत असा रकाना नाही.

आकडा ऐकून पर्स मांडीवर घेतली,
नेमकी त्याच जागी.

खरं तर सुरुवात गुडघ्यापासून झाली.
हाडांचे डॉक्टर म्हणाले, पोहा.
मला आधी तर्रीच आठवली.
मग पोशाख आणला, निळा, आखूड,
तो होळीपासून कपाटात
घडी न मोडता माझी वाट बघतो आहे.

पट्ट्यावरची रंजू खंडाते म्हणाली,
"काहून पैसे घालवून राहिल्या ताई?
पान्यात कोन पाहून राहिलं?"
पाण्यात नाही गं, म्हटलं.
पाण्याच्या आधी पायऱ्या आहेत.
आठ.

बाबा बागेतून घरासाठी फळं आणायचे
ती ढिल्या सालीची, हाताला खरखरीत लागणारी.
गुळगुळीत पाहून पेटीत भरायचे, बाजाराला.
हीच गोष्ट मी रात्री कूलरसमोर
स्वतःला सांगून पाहिली.
पुरली नाही.
संत्र्यासमोर कुणी आरसा धरत नाही.

शेवटी मलम आणलं. तीनशे चाळीस रुपये.
खालून वर चोळायचं, असं डबीवर लिहिलं होतं,
म्हणून खालून वर,
जसा रंजू ब्रश धुते तसं, मन लावून.
मांड्यांना बर्डीवरच्या हॉटेलाचा वास आला.
हे कुशीवर वळून म्हणाले, कॉफी ठेवलीस का?
मी म्हटलं, झोपा.

सकाळी सहाची बायकांची बॅच.
मे महिना, फरशी तेव्हाच कोमट.
माझ्या पुढे धांडे मॅडम, निवृत्त मुख्याध्यापिका,
कठडा धरून उतरत होत्या.
मी पाहायचं नाही ठरवलं होतं, पाहिलं.
खळ्या, टाके, फुगलेला कापूस,
आणि त्या मागे न बघता म्हणाल्या,
"सरका हो लवकर, ऊन चढतंय."

कुणीतरी नाक वर करून विचारलं,
कोण कॉफी पिऊन आलंय गं?

मी टॉवेल कठड्यावर टाकला.
एक, दोन, तीन,
चौथीवर घोटे भिजले,
सहावीवर गुडघे, ज्यांच्यासाठी हे सगळं,
सातवीवर पाणी इतकं गार
की मोजायचं राहिलं.