छत्री

चेतना, तू विचारतेस गोष्ट कशी लिहायची.
मी काय सांगणार? पारोळ्याच्या स्टँडवर
एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या,
गोष्टी लिहिल्या त्या मधल्या वेळात, जुन्या चार्टांच्या पाठीवर.

एक सांगतो, ते ऐक.
स्टँडमागच्या बोळात गोजरबाई मांडे करायची.
तिचा नवरा उखा चैत्रात सुरतेला गेला
तो गेलाच.
मी त्यावर अकरा पानं लिहिली.
त्यात ती उंबऱ्यावर कोसळते,
आसवं कणकेत पडतात,
वर चंद्रसुद्धा ठेवला होता, ढगाआड.

वाचून दाखवली तिला, तिच्याच ओट्यावर.
खापर तापलेलं. कोपरापर्यंत ओले हात,
त्या हातांवर मांडा झुलत, वाढत चाललेला,
पलीकडची भिंत दिसेल इतका पातळ.
तिनं तो खापरावर टाकला, मग म्हणाली,
"मी रडनूच नही रे भाऊ.
ऐंशी मांडासनी ऑर्डर व्हती.
रडाले टाइम कोठे व्हता?"

मग काय केलंस?
"खुटी देखी."
खुंटी?
"छत्री नव्हती."

चैत्रातलं आपल्याकडचं ऊन, चेतना.
बोरीच्या पात्रात नुसती वाळू उडत होती,
पाऊस अडीच महिने लांब
आणि माणूस छत्री घेऊन गेला.
तिला तेवढ्यात कळलं.
ऐंशी मांडे झाले, एकही फाटला नाही.

मला त्या रात्री झोप नाही.
कारण साडेसातची सुरत गाडी मीच पुकारली होती.
तो माझ्या खिडकीपुढून चढला असणार,
लख्ख उन्हात काळी छत्री काखेत धरून,
आणि मी? बहुतेक चुन्याची डबी शोधत होतो.
चंद्र मात्र मला दिसला, जो तिथे नव्हता.

अकरा पानांची चार केली.
नावं बदलली, बोळ बदलला, एक मुकी मेहुणी घातली
जी कधी नव्हतीच. असल्या खोट्याला
गोजरबाईची हरकत नव्हती.
तिनं एवढंच बजावलं,
"त्याले परत आनू नको.
मारू बी नको."
शेवटाबद्दल याहून जास्त
मला आजही कळत नाही.

गोष्ट एका दिवाळी अंकात आली.
तिच्या नातीनं ती मोठ्यानं वाचली,
मी ओट्याच्या कडेला, चपला न काढता.
जागेअभावी संपादकांनी चार ओळी कापल्या होत्या;
मला ठाऊक होतं, मी बोललो नव्हतो.
ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, हात ओलेच.
मग पोरीला मागलं पान पुन्हा वाचायला लावलं.
वाचलं.
खापरावरचा मांडा करपत होता,
आणि ती माझ्याकडे बघून:
"छत्री कोठे गई रे भाऊ?"